गडांवरील कादंबऱ्या, त्यांतील पक्षपात आणि ‘फितूर’ हा शब्द

पवन मावळांतील एका जुन्या वतनदार घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं आला. पवना धरणाच्या वेळीं या मंडळींचा मूळ वाडा पाण्याखालीं गेला, तेव्हां देव आणि दप्तर हीं दोन अगोदर बाहेर काढलीं, असें घरच्या वृद्ध यजमानांनीं अभिमानानें सांगितलें. दप्तर म्हणजे खारव्याचे दोन रुमाल. त्यांत नेहमींचेच कागद निघाले : वांटणीपत्रें, कर्जरोखे, मानपानाचे तंटे, इंग्रजी अमदानींतील इनामचौकशीच्या नकला. दुसऱ्या रुमालाच्या तळाशीं वेगळ्या फडक्यांत बांधलेला एक कागद होता. घडी अर्धवट उलगडली तेव्हां माथ्यावर फारसी शिक्का व खालीं मोडी ओळी, एवढें आम्हांस दिसलें. यजमानांनीं तो आमच्या हातून हळूच काढून घेतला व म्हणाले, “गुरुजी, हा राहूं द्या. हा दाखवायचा नाहीं.”

कारण विचारलें तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. चहा झाल्यावर मात्र सांगूं लागले. कागद विजापूरकरांचा आहे, आपले पूर्वज पातशाहीच्या चाकरींत होते असें त्यावरून निघतें, तेव्हां तो जाळूं नये आणि कोणास दाखवूंहि नये, असें त्यांच्या वडिलांनीं त्यांस बजावलें होतें. “आम्ही मावळे म्हणवितों, आणि घरांत हा कागद !” हे त्यांचे शब्द. मावळ्यांनीं विजापूरची चाकरी केली नाहीं असें कोणत्या बखरींत वाचलें, असें आम्हीं विचारलें. बखर त्यांनीं एकहि वाचली नव्हती. त्यांनीं व त्यांच्या वडिलांनीं वाचल्या होत्या त्या हरिभाऊ आपटे व नाथमाधव यांच्या कादंबऱ्या.

प्रस्तुत लेख त्या प्रसंगांतून निघाला आहे. कादंबरी हा विषय या पानांवर हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कारणानें एक अस्सल कागद पिढ्यान्‌पिढ्या फडक्यांत बांधून राहतो, तें कारण संशोधकाच्या विचाराबाहेरचें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हल्लीं जिला थरारक कादंबरी म्हणतात ती मराठींत प्रथम गडावरच वाढली. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी. ‘विविधज्ञानविस्तारां’तून येऊन १८७१ मध्यें ती पुस्तकरूपानें निघाली. गड कल्पित, काळ शिवाजी महाराजांचा. त्या काळापासून भुयार, चोरदरवाजा, वेषांतर, पळविलेली कुलस्त्री, मध्येंच पकडलेलें पत्र व मध्यरात्रीं चढलेला कडा ही सामग्री आमच्या ऐतिहासिक कादंबरीची कायमची झाली. हरिभाऊंनीं १८९० मध्यें ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या अवधींत त्यांतून प्रकरणशः दिली. प्रकरण अशा ठिकाणीं तोडावयाचें कीं पुढचा अंक हातीं येईपर्यंत वाचकास चैन पडूं नये. आतां ज्याचा जीव एखाद्या पात्रासाठीं आठ दिवस टांगणीस लागला आहे, त्यास त्या पात्राचें राजकारण योग्य कीं अयोग्य हें पाहण्याची सवड कोठून असणार ? थरारक कादंबरींतील राजकीय पक्षपात हा असा चोरपावलांनीं येतो. वर्तमानपत्राचा अग्रलेख मत सांगतो, वाचक तें मान्य करितो किंवा झिडकारतो. कादंबरीकार मत सांगतच नाहीं. कोणाच्या जिवाची काळजी वाटावयाची एवढें तो ठरवितो, आणि तेवढ्यानें काम होतें.

एकाच प्रसंगावरून हें दाखवितां येईल. मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरींत आयुष्य घालविलेला इंग्रज अंमलदार. ठगांवरील त्याची कादंबरी १८३९ ची. ‘तारा’ ही १८६३ ची. ‘तारा’चा विषय अफझलखानाची स्वारी. नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या. तिच्या मागें हात धुऊन लागलेला दुष्ट मोरो त्रिमल हा शिवाजी महाराजांचा हस्तक. आणि तिला वांचविणारा नायक म्हणजे अफझलखानाचा पुत्र. अर्थात् प्रतापगडाच्या पायथ्याशीं वाचकानें भ्यावयाचें तें खानाच्या गोटासाठीं ! टेलरला मराठी मुलुखाचा द्वेष होता असें मात्र नाहीं. इकडच्या माणसांचें वर्णन तो ममतेनें करितो. बाजू त्याला निजामाच्या दरबारांतून दिसली, एवढेंच. हरिभाऊंनीं आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही याच टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारें लिहिली. विद्या त्याची घेतली, पक्ष पुढें आपला घातला. घोडा तोच, स्वार बदलला.

संस्कृत साहित्यशास्त्रांत या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं झालेला आहे. दण्डी ‘काव्यादर्शां’त नायकाचा उत्कर्ष दाखविण्याच्या दोन रीती सांगतो. नायकाचे गुण अगोदर वर्णून मग त्याच्याकडून शत्रूचा पाडाव करावा ही एक. शत्रूचेंहि कुल, शौर्य व विद्या वर्णून मग अशा शत्रूस नायकानें जिंकलें असें दाखवावें ही दुसरी. आणि ही दुसरी आम्हांस संतोष देते, असें तो म्हणतो. विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ हें हेर, विषप्रयोग व पळविलेली मुद्रा यांनीं भरलेलें नाटक; आजच्या रहस्यकथाकारानें हेवा करावा असें. कवीचा पक्ष उघड चाणक्याचा आहे. तरी नाटक वाचून कोणीहि राक्षसाचा तिरस्कार करीत नाहीं. पडलेल्या नंदकुलाशीं इमान राखणारा हा अमात्य वश करून घेण्यासाठीं चाणक्यानें एवढी खटपट करावी, यांतच राक्षसाची थोरवी आली. म्हणजे पक्षपात असणें हा दोष नव्हे; पक्षपात असूनहि समोरच्याच्या निष्ठेस निष्ठा म्हणतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

दण्डीचें नांवहि न ऐकलेल्या मावळच्या लोकांनीं ही रीत प्रत्यक्षांत पाळली होती. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांस घेऊन बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून ठार झाला. पुढें तळेगांव मराठ्यांनीं स्वतः जाळून ओसाड केलेलें पाहून फौज मागें फिरली, वडगांवास कोंडली गेली आणि तेथें तिला तह करावा लागला. इंग्रज शत्रु होता, तळेगांवाची राख झालेली होती, तरी मराठ्यांनीं त्या पडलेल्या कप्तानास नांव दिलें तें ‘इष्टुर फाकडा’. वडगांवास त्याची समाधि अजून दाखवितात. आम्हीं विद्यार्थ्यांस तेथें नेलें म्हणजे हमखास प्रश्न येई कीं, शत्रूची समाधि आपल्या गांवांत कशी ? हा प्रश्न त्या मुलांच्या पणजोबांस पडला नसता असें आम्हांस वाटतें.

हरिभाऊंकडे आतां पुन्हां वळूं. ‘गड आला पण सिंह गेला’ ही १९०३ ची. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० रोजीं घेतला गेला. तान्हाजी मालुसरे पडले आणि मोंगलांकडील किल्लेदार उदयभान हाहि आपली जागा न सोडतां लढून पडला. कादंबरींत सती जाण्यास निघालेली कमलकुमारी घालून हरिभाऊंनीं त्याच किल्लेदारास स्त्रीलंपट अधम केलें आहे. कमलकुमारी कल्पित आहे हें जाणणारेहि उदयभानास अजून अधमच समजतात. ही दण्डीची पहिली, सोपी रीत होय.

‘उषःकाला’ची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या मतें हरिभाऊंचें मोठेपण येथें दिसतें. सुलतानगडचे रंगराव आप्पा विजापूरचे इमानी सेवक. पुत्र नानासाहेब शिवाजी महाराजांकडे ओढला जातो. आप्पा मूर्ख नाहींत, भित्रे नाहींत, लोभी तर नाहींतच. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं हरामी करावयाची नाहीं, या एका धर्मास ते धरून बसले आहेत. ही कथा ‘करमणुकीं’त चालू असतांच १८९६ मध्यें रायगडावर शिवाजी उत्सव झाला आणि १८९७ मध्यें पुण्यांत प्लेग व रँडसाहेबाचा खून हे प्रसंग घडले. सरकारी नोकरींतला बाप व उत्सवांत नाचणारा मुलगा अशीं जोडपीं तेव्हां पुण्यांत घरोघर असलीं पाहिजेत. हरिभाऊ स्वतः नेमस्तांच्या वर्तुळांतले. आप्पांच्या ठिकाणीं त्यांनीं आपल्या भोंवतालचे वडील पाहिले असावेत, असा आमचा तर्क आहे. स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’ (१८१४) कादंबरींतहि हरलेल्या पक्षाच्या निष्ठेस असाच मान दिलेला आढळतो.

वाचकांनीं याचें काय केलें ? आमच्या संग्रहीं ‘उषःकाला’ची एक जुनी प्रत आहे, पुण्याच्या जुन्या बाजारांत मिळाली. मुखपृष्ठ व आरंभींचीं पानें गेलेलीं, म्हणून आवृत्ति सांगतां येत नाहीं. समासांत पेन्सिलीनें व शाईनें शेरे आहेत. हस्तलिखितास लावतों तीच कसोटी लावून पाहतां तीन हात स्पष्ट वेगळे दिसतात. पहिला हात जुना, मोडी वळणाचा, टांकाचा. त्यानें आप्पांच्या एका भाषणापुढें “म्हातारा खरा” असें लिहिलें आहे. दुसऱ्या हातानें, निळ्या पेन्सिलीनें, तो शेरा खोडून खालीं “फितूर” असें लिहिलें. तिसरा हात बॉलपेनचा, बहुधा शाळकरी. त्यानें ‘फितूर’ या शब्दाखालीं दोन रेघा ओढल्या आहेत व पुढें प्रत्येक प्रकरणांत आप्पांचें नांव आलें कीं फुली केली आहे.

या ‘फितूर’ शब्दापाशीं आम्ही बराच काळ थांबलों. जुन्या कागदांत व बखरींत ‘फितूर’, ‘फितवा’ यांचा अर्थ निश्चित आहे : आपला धनी सोडून आंतून शत्रूस मिळालेला तो फितूर. गडकरी फितला म्हणजे धन्याचा गड शत्रूस देऊन बसला. या अर्थानें रंगराव आप्पा कोणत्याहि बाजूनें फितूर ठरत नाहींत. शब्दाच्या जुन्या अर्थानें फितूर कोणी असलाच, तर विजापूरचें मीठ खाणाऱ्या घरांत जन्मून दुसरीकडे मिळालेला नानासाहेब होय ! पण निळ्या पेन्सिलीच्या काळापर्यंत शब्दाचा अर्थ फिरला. जो आपल्या बाजूस नाहीं तो फितूर. धनी कोण, हा प्रश्नच उरला नाहीं. हा अर्थ कादंबरीकारानें लिहिला नव्हता. त्यानें तर आप्पांस जपलें होतें. वाचकांनीं तो आपल्या पदरचा घातला, आणि नंतरच्या सोप्या कादंबऱ्यांनीं त्यास खतपाणी मिळालें.

याउलट जो पक्षपात आपल्या ओळखीचा नाहीं तो वाचक सहज गिळून टाकतो. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स (१८१४-१८७९) हा चार्टिस्ट चळवळींतला; ६ मार्च १८४८ रोजीं लंडनच्या ट्रॅफल्गर चौकांतील सभेचें अध्यक्षस्थान त्यानें घेतलें होतें. अमीरउमरावांचीं पापें चव्हाट्यावर मांडणें हाच त्याच्या ‘लंडनच्या रहस्यां’चा हेतु. आपल्याकडे त्याचा खप अफाट झाला. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३-१९४१) यांनीं त्याच्या कथा मराठींत आणतांना त्यांस जुन्या भारतीय राजवटींचा पोशाख चढविला. आम्ही शाळकरी वयांत दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्या रात्र रात्र वाचल्या. तळघरें व मूर्ति मनांत राहिल्या, उमरावांविरुद्धचा राग कोठें गळला तें कळलेंहि नाहीं. पुढें लोणावळ्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बाबुराव अर्नाळकरांचे ‘झुंजार’ व ‘काळापहाड’ वाचले, तेव्हांहि कायदा हातीं घेणारा नायक आम्हांस खटकला नाहीं. या गोष्टी आमच्या वतनास, आडनांवास, गांवच्या गडास लागत नव्हत्या, म्हणून त्यांतील राजकारणाशीं आम्हांस कर्तव्य नव्हतें. गडाची कादंबरी लागते. तींत वाचकास स्वतःचें घर सांपडतें, आणि घर सांपडलें कीं तें कोणत्या बाजूचें, हें ठरवावेंच लागतें.

या बाबतींत आमच्या हातूनहि चूक झाली आहे, ती येथेंच सांगून टाकतों. लोहगडाच्या सहलींत एका मुलानें विंचूकाट्यावर उभें राहून विचारलें, “यांत सुलतानगड कोणता ?” समोर विसापूर, पलीकडे तुंग व तिकोना दिसत होते. वर्गांत ‘उषःकाला’चीं प्रकरणें आम्हीच रंगवून सांगितलेलीं, तीं इतिहास म्हणून. सुलतानगड कोठेंच नाहीं असें सांगण्याचें धैर्य आम्हांस त्या क्षणीं झालें नाहीं. “तो येथून दिसत नाहीं,” असें म्हणून आम्ही पुढें चाललों. उत्तर खोटें नव्हतें, पण शिक्षकास शोभणारेंहि नव्हतें.

कादंबरींतील मावळ्यास असाच भूगोल नाहीं. आजच्या तालुक्यांत अंदर मावळ, नाणें मावळ व पवन मावळ येतात. बारा मावळांतील उरलेलीं खोरीं दक्षिणेस भोर-वेल्ह्यापर्यंत पसरलेलीं. दर खोऱ्यास वेगळा देशमुख, दर देशमुखाचें शेजाऱ्याशीं वैर. हे सर्व एके दिवशीं भंडारा उधळून एका झेंड्याखालीं आले असें कादंबरींत होतें. कागदांत होत नाहीं. जेध्यांचा करीना व शकावली (ही लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें प्रसिद्ध केली) संशोधकांस तोंडपाठ आहेत, तरी येथें स्मरण देतों. १६ जून १६५९ च्या फर्मानानें अली आदिलशहानें कान्होजी जेध्यांस अफझलखानास मिळण्याचा हुकूम केला. कान्होजी पांच पुत्रांसह महाराजांकडे गेले, फर्मान पुढें ठेविलें, आणि वतनावर पाणी सोडलें. शेजारचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. खान पडल्यावर त्यांस एक हात व एक पाय गमवावा लागला. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, त्या उन्हाळ्यांत फर्मान येईपर्यंत दोघांच्या स्थितींत फारसा फरक नव्हता. खुद्द शहाजीराजे त्या सालीं आदिलशाहीचे सरदार होते. कान्होजींच्या त्यागास किंमत आली ती त्यांच्यापाशीं सोडण्यासारखें कांहीं होतें म्हणून. विजापूरचें नातें कागदांतून पुसलें तर पाणी सोडलें तें कशावर ?

तसेंच १६६५ साल. मिर्झा राजा जयसिंगाच्या स्वारींत मोंगल सरदारांनीं लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना यांच्या आसपासचीं गांवें जाळलीं, आणि पुरंदरच्या तहानें हे चारहि गड मोंगलांकडे गेले. पवनेच्या काठच्या कुणब्यानें त्या उन्हाळ्यांत काय केलें असेल ? कोणी डोंगरांत गेला असेल, कोणी नव्या ठाणेदाराकडे सारा भरून शेत राखलें असेल. १६५९ व १६७० या सालांवर कादंबऱ्यांच्या उड्या पडल्या. हें मधलें साल आमच्या वाचनांतील एकाहि गडाच्या कादंबरीचें मध्यवर्ती कथानक झालेलें नाहीं. जळक्या गांवांत चोरदरवाजे नसतात.

नाथमाधवांविषयीं (१८८२-१९२८) येथें दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल, कारण यजमानांच्या वडिलांचे ते विशेष आवडते. शिकारीस गेले असतां सिंहगडाच्या कड्यावरून पडून ते जन्मभर पंगु झाले, आणि अंथरुणावरून त्यांनीं ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ व पुढील माला लिहिली. त्या मालेंतील एका कादंबरीचें नांव ‘स्वराज्यांतील दुफळी’ असें आहे. दुफळी त्यांस दिसत होती. वाचकांस श्रीगणेशा आठवला, दुफळी आठवली नाहीं.

पुढच्या दिवाळींत आम्ही पुन्हां पवन मावळांत गेलों. या वेळीं करीन्याची छापील प्रत बरोबर नेली व कान्होजी-खंडोजींचा मजकूर यजमानांस ओसरीवर सावकाश वाचून दाखविला. त्यांनीं मध्येंच विचारलें, “ते फर्मान जेध्यांनीं जपून ठेवलें ?” ठेविलें, असें आम्हीं सांगितलें. “आणि लोकांस दाखविलें ?” दाखविलें. यावर ते उठून आंत गेले. बराच वेळ आले नाहींत. आम्हीं समजलों, विषय संपला. मग फडकें घेऊन बाहेर आले.

कागद फर्मान नव्हेच. खालच्या दर्जाच्या अंमलदाराचें साधें आज्ञापत्र. शिक्का झिजलेला, सनाच्या जागीं वाळवीचें भोंक. माणसें घेऊन ठाण्यास हजर व्हावें, अशा आशयाच्या तीन-साडेतीन ओळी वाचतां येतात. पूर्वज हजर झाले कीं नाहीं, याचा त्यांत उल्लेख नाहीं. यजमानांनीं तो दोनदां वाचवून घेतला व विचारलें, “म्हणजे गेले होते असें नाहीं ना यांत ?” बोलावलें होतें एवढेंच निघतें, असें आम्हीं म्हटलें. त्यांनीं नक्कल करूं दिली. घराण्याचें व गांवाचें नांव छापूं नये अशी अट घातली, ती येथें पाळली आहे. अस्सल त्यांच्यापाशींच आहे; आतां रुमालांत इतर कागदांबरोबर ठेविलें आहे, पण फडक्यांत बांधूनच.